मुक्या रांगेच्या पुढे

माणिकराव खिल्लाऱ्यांना कोणी विचारलं की तुम्ही आयुष्यात चाललात किती, तर ते सरळ सांगतात, घरापासून स्टँडपर्यंत आणि स्टँडपासून घरापर्यंत, तेही कोणी मोटारसायकलवर बसवून घेतलं नाही तर. बाकीचं आयुष्य बसून गेलं. एसटीच्या ड्रायव्हरला चालायचं काय काम? निरोपसमारंभात कोणीतरी भाषण ठोकताना म्हणालं होतं की अख्खा जिल्हा माणिकरावांच्या पायाखालून गेला आहे. पायाखालून कसला, बुडाखालून, अशी दुरुस्ती माणिकरावांनी खुर्चीतूनच केली, आणि साहेबांसकट सगळे हसले.

असा हा माणूस मालेगावच्या विहाराच्या पायी फेरीत सगळ्यांच्या पुढे, हातात पंचशीलाचा झेंडा घेऊन चालायला लागला. हे ऐकून त्यांचे जुने कंडक्टर बाबूलाल इतके हसले की त्यांना ठसका लागला. माणिकरावही हसले. त्यांना स्वतःला हसायची सवय होती. दुसऱ्याने हसण्याआधी आपण हसून घेतलं की टोचतं कमी, हा त्यांचा जुना हिशेब.

खरी गोष्ट अशी, की रिटायर झाल्यावर माणिकरावांना काहीतरी कमी पडायला लागलं होतं. काय कमी पडतंय ते कळेना. आधी वाटलं, गॅसेस आहेत. ओवा खाल्ला, गोळ्या खाल्ल्या. मग एक दिवस रेशनच्या रांगेत उभे असताना आपल्या मागे माणसं उभी आहेत हे त्यांना जाणवलं आणि छातीतलं ओझं एकदम उतरलं. मागे माणसं पाहिजेत. कामरगावची गाडी असो की इंझोरीची, इतकी वर्षं त्यांच्या मागे बसभर माणसं बसली. आरशात दिसायची. कोणी टोपलं मांडीवर घेऊन पेंगतंय, कोणी खिडकीतून ओकतंय, पण सगळी ह्यांच्या भरवशावर. आता घरात पाहावं तर मागे भिंत आणि पुढे बायको, लिलाबाई. लिलाबाई कोणाच्या भरवशावर बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आणि रोज उठून रेशनच्या रांगेत उभं राहणं काही बरं दिसत नाही.

त्याच सुमारास धम्मदीपाने फेरी काढली. धम्मदीपा सरकारी दवाखान्यात नर्स. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिने साखर तपासायचं मशीन आणलं आणि जमलेल्यांची बोटं टोचली. निम्म्यांना साखर निघाली, उरलेल्यांनी बोट दिलंच नाही. तेव्हा तिने जाहीर केलं की आता दर रविवारी वंदनेनंतर आसपासच्या एखाद्या वाडीवस्तीपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. जाताना कोणी बोलायचं नाही, येताना हवं तेवढं बोला. आपल्या लोकांना चालणं जड जात नाही, गप्प राहणं जड जातं, असं तिचं म्हणणं. पुढे झेंडा, झेंड्याच्या पुढे कोणी जायचं नाही. आणि मुक्याने चालणारी एवढी माणसं पाहून वाटेतल्या लोकांना हे शिष्ट वाटू नयेत म्हणून आणखी एक रीत. वाटेत माणूस भेटला की झेंडेवाल्याने काठी काखेत धरून हात जोडायचे, मग मागच्याने, मग त्याच्या मागच्याने, असं शेवटापर्यंत. गावाने आठवड्याभरात नाव ठेवलं, मुकी रांग.

झेंडा कोणी धरायचा यावर चर्चा झालीच नाही. ज्याला सगळे रस्ते माहीत आहेत त्याने, असं धम्मदीपा म्हणाली आणि सगळ्यांच्या माना माणिकरावांकडे वळल्या. माणिकरावांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांना रस्ते माहीत होते ते डांबराचे. डांबर संपलं की त्यांचं ज्ञान संपलं. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि ह्या गायीला तर पुढे उभं राहायची तहान लागलेली. त्यांनी झेंडा घेतला.

पहिल्या रविवारी त्यांनी रांग हमरस्त्याने नेली. ट्रकवाले हॉर्न मारत होते. पायवाटेने गेलं असतं तर निम्म्या वेळात पोचले असते, पण पायवाट कुठून फुटते हे पुढच्याला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांना बोलायची बंदी होती. त्यात माणिकराव दर फाट्यावर थांबायचे. आरसा नीट करायला हात आपोआप वर जायचा, मान मागे वळायची, सगळे चढले ना हे पाहून मगच ते निघायचे. येताना तोंडं मोकळी झाली तेव्हा लिलाबाईंनी पहिला प्रश्न केला, की टिकटं मी फाडू की बाबूलालले बोलावू. माणिकराव म्हणाले, पहिली खेप आहे, सांभाळून घ्या.

पुढे मात्र त्यांनी मन लावून पांदणी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटा, शिकून घेतल्या. किशन नावाचा त्यांच्या ओळखीचा शेतकरी होता, टेकडीपलीकडच्या वाडीच्या वाटेवर त्याचं शेत. त्याच्याशी चहाच्या टपरीवर मारलेल्या गप्पांतून, सायकलवर एकटंच फिरून, कुठून कुठे निघतं ते त्यांनी डोक्यात बसवलं. मग रविवारची वाट पाहायला लागले. झेंडा खांद्याला, पुढे मोकळी वाट, आणि मागून येणारा चपलांचा एकसारखा आवाज. माणिकरावांना बरं वाटायचं. इतकं बरं की ओवा बंद झाला.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना डोळे दगा द्यायला लागले. दिवाळीच्या आसपास त्यांना दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग चंद्र दोन दिसले. एकावर एक फ्री, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. चष्मा पुसला, बदलला, पुन्हा पुसला. समोरचं सगळं दुधाच्या पिशवीतून पाहिल्यासारखं. लिलाबाई म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, दाखवून घ्या. माणिकराव म्हणाले, चष्म्याचा नंबर आहे. त्या पुन्हा म्हणाल्या, ते पुन्हा म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

मोतीबिंदू आहे हे माणिकरावांना पक्कं ठाऊक होतं. पण ऑपरेशन झालं की धूळ टाळा, वाकू नका, ऊन लागू देऊ नका, म्हणजे झेंडा दुसऱ्याच्या हातात. आणि एकदा खाली ठेवलेला झेंडा परत मिळतो असं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. हे झालं सांगायचं कारण. न सांगायचं कारण असं, की डोळ्यापाशी सुई येणार ह्या नुसत्या विचाराने ते रात्री खाटेवर उठून बसायचे. घाटात समोरून ट्रक आला तरी ज्याने स्टेअरिंग सोडलं नाही तो गडी बोटभर सुईला भ्याला होता. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला त्यांनी युक्त्या काढल्या. पांदणीतली चाकोरी पायाने चाचपत चालायचं. निंब कुठे, बाभूळ कुठे, ते काळ्या ढिगांवरून ओळखायचं. समोरून कोण येतंय ते कळायचं नाही, म्हणून काहीही हललं की हात जोडायचे. नोकरीत असताना माणिकरावांनी कोणाला आपणहून नमस्कार केला नव्हता. आता ते गल्लीतल्या पोरासोरांनाही हात जोडायला लागले. रिटायर झाल्यावर माणूस किती नम्र झाला, असं गावात बोललं जाऊ लागलं. एकदा त्यांनी एका गोऱ्ह्यालाही नमस्कार केला, पण त्याच्या मागे त्याचा मालक होता, त्यामुळे निभावलं.

फक्त एका माणसाची त्यांना धास्ती होती, सतीशची. सतीश बँकेत कारकून. चांगल्या बुटांचा, ताठ, हातात ते पावलं मोजणारं घड्याळ. दिवाळीपासून तो रांगेत माणिकरावांच्या अगदी मागे चालायला लागला होता, त्याचा श्वास मानेला लागेल इतका जवळ. कानामागून आली अन् तिखट झाली, असं माणिकराव मनात म्हणायचे. याचा डोळा झेंड्यावर आहे. आपण एकदा अडखळलो की हा झडप घालणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा त्यांना ते चांदणंही धूसरच दिसत होतं.

पौषातला एक रविवार. कडक थंडी, जमीन दवाने ओली. रांग टेकडीपलीकडच्या वाडीला निघाली होती. वाट पूर्वेला जाणारी, आणि सूर्य नुकता वर येऊन बरोबर डोळ्यांत घुसणारा. मोतीबिंदूच्या डोळ्याला समोरचं ऊन म्हणजे काय, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. माणिकरावांना पुढे नुसता पांढरा उजेड दिसत होता. फाटा कधी आला आणि कधी मागे पडला ते त्यांना समजलं नाही. पायाखालची चाकोरी जाऊन मऊ ढेकळं लागली तेव्हा आपण कोणाच्या तरी शेतात आलो आहोत एवढं कळलं. मागे वळून विचारणार कसं? बोलायचं नव्हतं. आणि बोलायची मुभा असती तरी विचारलं नसतं, हेही खरं.

तेवढ्यात समोर माणूस दिसला. पांढरा सदरा, दोन्ही हात पसरलेले, वाटेत आडवा उभा. हरभऱ्याच्या पिकातून एवढी माणसं चालली म्हटल्यावर मालक हात पसरून अडवणारच. माणिकरावांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले. माणूस हलला नाही. चांगलाच तापलेला दिसतोय, असं वाटून माणिकरावांनी टोपी काढली आणि कमरेत वाकून पुन्हा हात जोडले. त्यांच्या मागे सतीशने हात जोडले. मग लिलाबाईंनी, मग धम्मदीपाने, असं होत होत पार शेवटच्या ललिताबाईंपर्यंत, ज्या सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या आणि अजून सुईत दोरा ओवायच्या, सगळ्यांनी हात जोडले. समोरच्याने जबाब दिला नाही तो नाहीच. माणिकराव आणखी मऊ होऊन, जवळ जाऊन माफी मागावी म्हणून पुढे निघाले.

"माणिकभाऊ, थांबा तेथंच. पुढं विहीर हाय."

आवाज समोरून आला नव्हता. तो डावीकडून, मोटारपंपाच्या बाजूने आला होता. किशन धावत येत होता. माणिकरावांचा पाय उचललेला तसाच राहिला. किशन जवळ आला, त्याने त्यांचा दंड धरला आणि दम खात म्हणाला, "अन् हे बुजगावणं हाय, भाऊ. ते काय बोलीन? मालक मी हावो."

माणिकराव लोकांच्या हसण्याची वाट पाहत राहिले. स्वतः आधी हसावं हे त्यांना सुचलंच नाही. मागून मात्र कोणाच्या नाकातून साधी फुस्कारीही आली नाही. एवढी माणसं एका काठीला नेसवलेल्या सदऱ्यापुढे हात जोडून उभी, आणि एकालाही हसू फुटलं नाही. किशनने वाट दाखवली. माणिकरावांनी टोपी घातली, झेंडा उचलला आणि रांग वाडीकडे निघाली.

येताना बोलायची मोकळीक होती. एरवी येताना मुक्या रांगेचा आठवडी बाजार होतो. त्या दिवशी सगळे थंडीवर बोलले, कोणाच्या तरी लग्नावर बोलले, वाडीतल्या चहावर तर फारच बोलले. बुजगावण्याचं नाव कोणी काढलं नाही. माणिकरावांना हे टोमण्यांपेक्षा जड गेलं. विहारापाशी सतीश त्यांच्याजवळ आला आणि इकडे तिकडे पाहत म्हणाला की ऊन फार डोळ्यांवर आलं होतं, त्यालाही तो माणूसच वाटला. बिनचष्म्याचा, लांबच्या एसटीची पाटी वाचणारा गडी, आणि हे खोटं त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

घरी आल्यावर लिलाबाई भाकरी थापायला बसल्या. माणिकराव दारात उभे राहिले, आत आले, पुन्हा दारात गेले. शेवटी त्यांनी विचारलं, ते बुजगावणं आहे हे कोणाकोणाला दिसलं होतं.

"सगळ्यायले," लिलाबाई म्हणाल्या.

"ललिताबाईले?"

"तिले तं सदऱ्याची बटनंबी दिसली."

मग हात काहून जोडले, असं माणिकरावांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. त्यांना खरंच राग आला होता. आपल्याला उघडं पडू दिलं नाही याचा राग, आणि इतके दिवस आपली मूठ सगळ्यांना पारदर्शक दिसत होती याचा. लिलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी जोडले म्हून. एकट्यानं कसे जोडू द्याव तुमाले?"

मग त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. दिवाळीपासून सगळ्यांना माहीत होतं. झेंडा काढून घ्यावा का, यावर एकदा बोलणंही झालं होतं. धम्मदीपा म्हणाली होती, झेंडा काढला तर काकाजी पुन्हा गॅसेस घेऊन खाटेवर पडतील. त्यांनी स्वतः सांगेपर्यंत थांबू. सतीशला झेंडा देऊ केला, तो नाही म्हणाला. त्याने दुसरंच काम मागून घेतलं.

"तो तुमच्या मांगं काहून चालते, वाटलं तुमाले? तुमची कॉलर धराले. आजबी त्याचा हात वरच होता, किशन वरडला तवा."

माणिकराव खाली बसले. त्यांना विहीर आठवली. किशनची ती विहीर बिनकठड्याची, त्यांनी सायकलवरून जाताना चांगली पाहिलेली. बुजगावण्यापासून हाताच्या अंतरावर. एवढ्या वर्षांत त्यांनी ब्रेक जरा सैल वाटला तरी गाडी स्टँडवरून हलवली नव्हती. साहेब ओरडले तरी नाही. माणसं मागे बसलेली असतात, असं ते उलट उत्तर द्यायचे. आणि आता आपल्याच माणसांना ते दर रविवारी न दिसणाऱ्या डोळ्यांनी पुढे ओढत नेत होते, एका झेंड्यापायी. त्यांना स्वतःवर काही विनोद सुचेना.

"अन् सतीशचा हात चुकला असता तं?" त्यांनी विचारलं.

लिलाबाईंनी भाकरी उलटली. "मंग मी होतीच तुमच्या मांगं," त्या म्हणाल्या. "कवापासून सांगून राह्यली. डोयाचा तं हायेच, तुमाले कानाचाबी मोतीबिंदू हाय."

माणिकरावांनी त्या दिवशी भाकरी नीट खाल्ली नाही.

पुढचा आठवडाभर त्यांनी भाषण तयार केलं. विनोदी होतं. बुजगावण्यालाच झेंडा देऊ, तो निदान एका जागी उभा राहील आणि कोणाला विहिरीकडे नेणार नाही, असं काहीतरी त्यात होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. आरशात कोण उभं आहे ते धड दिसत नव्हतं, त्यामुळे बोलायला भीड वाटली नाही.

रविवारी वंदना झाली, चपला घालून सगळे विहाराबाहेर आले. झेंडा नेहमीप्रमाणे माणिकरावांच्या हातात आला. मागे रांग लागली. ते वळले आणि समोर पाहिलं. पांढरे कपडे, वर सावळे ठिपके. एकही चेहरा ओळखू येत नव्हता. भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मले दिसून नाही राह्यलं," माणिकराव म्हणाले. "लय दिवस झाले. आपरेशन करतो, पण भेव वाटते मले. झेंडा सतीश धरीन."

धम्मदीपा पुढे आली आणि हळूच म्हणाली की ती स्वतः शेजारी उभी राहील, आणि डोळा बधिर केल्यावर सुई दिसतही नाही. माणिकराव म्हणाले, सध्या मला बैल दिसत नाही, सुईची काय मातब्बरी. ह्यावर सगळे हसले, आणि गेल्या रविवारचं राहिलेलं हसूही त्यात मोकळं झालं. सतीशने झेंडा घेतला, पण घेताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं. त्याच्याविषयी आपण इतके महिने काय काय मनात आणलं ते आठवून माणिकरावांचे कान तापले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. थोपटायला गेलेला हात पहिल्यांदा त्याच्या गालाला लागला.

मग ते रांगेच्या शेवटी निघाले. एकेका माणसाच्या कडेने, हाताने चाचपत, पार ललिताबाईंच्याही मागे. आयुष्यात ते कधी कशाच्या शेवटी उभे राहिले नव्हते. धम्मदीपाने हात वर केला, म्हणजे आता बोलणं बंद. पुढे कुठेतरी झेंडा हलला असावा. चपला वाजायला लागल्या, सगळ्या पुढे. मागे काहीच नव्हतं, सकाळची थंड हवा तेवढी पाठीला लागत होती. ललिताबाई दोन पावलं गेल्या तरी माणिकरावांचा पाय उचलेना. छातीत ते जुनं ओझं पुन्हा येऊन बसलं होतं.

पाठीमागे चप्पल घासली. माणिकरावांनी वळून पाहिलं. चेहरा दिसला नाही, पण पदर खोचायची ती रीत त्यांना लाखांत ओळखू आली असती. लिलाबाई रांगेतली आपली पुढची जागा सोडून त्यांच्याही मागे येऊन उभ्या होत्या. मुक्याचा नियम त्या सगळ्यांत कडक पाळायच्या. जाताना त्यांच्या तोंडून कधी हूं की चूं निघालं नव्हतं.

"चाला," त्या म्हणाल्या. "मी हावो मांगं."

माणिकराव चालायला लागले.